शीतल प्रकाशाची कहाणी

भिलाईच्या सेक्टर २ मध्ये राहणाऱ्या माणसास प्रकाश आणि उष्णता ही जुळी भावंडे वाटली, तर त्यात नवल नाही. १९५९ मध्ये येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली; लोखंडाचा रस वाहू लागला की उजेडाबरोबर धगही येतेच. परंतु मृगाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या झाडीत लुकलुकणारा काजवा हातावर घ्यावा. उजेड आहे, चटका मात्र नाही.

हा शीतल प्रकाश येतो कोठून? चमकणाऱ्या कुजक्या लाकडाभोवतीची हवा काढून घेतली की ते मंदावते, हे रॉबर्ट बॉइल यांनी १६६८ मध्ये दाखविले. पण हवेच्या साहाय्याने जळते काय, हे कळण्यास दोन शतके लोटली. १८८७ मध्ये फ्रान्सच्या राफाएल द्युब्वा यांनी एका चमकणाऱ्या शिंपल्याचे दोन अर्क काढले. थंड पाण्यातील अर्क काही वेळ उजळून विझला. गरम पाण्यातील उजळलाच नाही. दोन्ही एकत्र करताच उजेड परतला! पहिल्यातील इंधन संपले होते, दुसऱ्यातील विकर उष्णतेने नासले होते. इंधनास त्यांनी ल्युसिफेरिन म्हटले आणि विकरास ल्युसिफेरेज.

काजव्याच्या प्रकाशास पेशीतील एटीपी हे शक्तिद्रव्यही लागते, हे अमेरिकेच्या विल्यम मॅकेलरॉय यांनी १९४७ मध्ये सिद्ध केले. पुढे १९५७ मध्ये सुमारे १५,००० काजव्यांतून अवघे ९ मिलिग्रॅम शुद्ध ल्युसिफेरिन हाती आले. १९६१ मध्ये त्याची रचना उलगडली व ते प्रयोगशाळेत बनविता येऊ लागले. १९८५ मध्ये विकराचे जनुकही वेगळे करण्यात आले.

येथून या प्रकाशाचा खरा उपयोग सुरू झाला. कर्कपेशीत ते जनुक घालून ती उंदरात सोडायची, ल्युसिफेरिन टोचायचे आणि अंधाऱ्या पेटीत संवेदनक्षम कॅमेऱ्याने उजेड टिपायचा. पूर्वी रोगाची वाढ मोजण्यासाठी प्रत्येक टप्प्यास काही उंदीर मारावे लागत. आता एकाच जिवंत उंदरात ती दिवसेंदिवस पाहता येते. अर्थात रक्त व मांस प्रकाश शोषून घेतात, म्हणून खोलवरचा उजेड फिकाच दिसतो. १९९३ मध्ये विल्यम जेकब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच जनुक विषाणूकरवी क्षयजंतूत पोहोचविले. औषध लागू पडले की जंतूचा उजेड मावळतो. न पडले तर तो तेवत राहतो. सावकाश वाढणाऱ्या या जंतूची वाट पाहत आठवडे काढणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने या फरकाचे मोल फार मोठे आहे.

संशोधनास आता हजारो काजवे पकडण्याची गरज उरलेली नाही. रानातल्या काजव्यास मात्र जोडीदार शोधण्यासाठी अंधार हवा असतो. त्यास पाहावयास जाताना आपण विजेरी विझवावी, एवढे देणे तर आपण लागतोच.