रुमालाने घडवलेली झेरॉक्स
कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा खेळ लहानपणी आपण सर्वच खेळलो. घासताना इलेक्ट्रॉन एका वस्तूवरून दुसरीवर जातात आणि दोन्ही विद्युतभारित होतात. एवढ्याच भांडवलावर चेस्टर कार्लसन यांनी जगाची कचेरी बदलली.

पेटंट विभागात नोकरी, नकलांचा ढीग आणि सोबतीला संधिवात. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया भागात त्यांनी व सहायक ओटो कोर्नेई यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला. वर अक्षरे लिहिलेली काच ठेवून प्रखर दिवा लावला. उजेड पडला तिथला भार गेला, अक्षरांखालचा टिकला. भुरभुरलेली पूड तेवढ्यावरच चिकटली. मेणकागदावर तारीख आणि गावाचे नाव उमटले!

पुढे मात्र वीसहून अधिक कंपन्यांचे नकार आले. कोर्नेईही सोडून गेले. १९४४ मध्ये बॅटेल संस्थेने, नंतर हॅलॉइड कंपनीने हात दिला. १९५९ मध्ये 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र अवतरले. कार्लसन श्रीमंत झाले, पण कोर्नेईंना विसरले नाहीत; त्यांनी त्यांना कंपनीचे शेअर दिले.

दाखल्याची 'झेरॉक्स' काढताना तो रुमाल जरूर आठवावा.