वर्ज्य उंबर, आधाराचं उंबर

श्रावकाचे मूलगुण आपल्याकडे लहानपणीच पाठ होतात. अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त मद्य, मांस, मधाच्या जोडीला पाच उदुंबर फळं सोडायला सांगितली, वड, पिंपळ, उंबर ही त्यातली ओळखीची. कारण जीवहिंसा. उंबराची फुलं फळाच्या आतच असतात. बारीक चिलटासारखा कीटक आत शिरतो, परागीभवन करतो आणि तिथंच अंडी घालतो. फळ फोडलं की दिसतंच की!

मग जैन शेतकऱ्याला उंबर नकोच होतं? तसं नाही. हे लाकूड उघड्यावर लवकर कुजतं, पाण्याखाली मात्र टिकतं. म्हणून विहिरीच्या तळाची चौकट उंबराची करत. पाला गुरांना, चीक गालफुगीवर. उंबर तिथं पाणी जवळ, ही खूण तर चिकोडीकडचा कुणीही म्हातारा सांगेल. फळ तेवढं वर्ज्य.

पण ते फळ ज्यांचं जेवण होतं, त्यांचं काय? महात्मा फुले ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (1883) सांगतात, की थोडक्या जमिनीचे शेतकरी पूर्वी रानातली उंबरं-जांभळं खाऊन आणि पळस-मोहाची पानंफुलं, लाकूडफाटा विकून वरखर्च भागवत. जंगलखात्यानं ते मोडलं. वन कायदा झाला 1878 साली. आणि 1876 ते 78 हा तर आमच्या बेळगाव-विजापूर भागातला मोठा दुष्काळ! ज्या वर्षांत रानावाचून गत नव्हती, नेमकं तेव्हाच रान सरकारजमा व्हायला लागलं.

पुढं 1902 साली जी. ए. गॅमी यांनी मुंबई इलाख्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवर टिपण छापलं. दुष्काळात लोक रानातले कंदही उकरून खात. कंद म्हणजे आपल्याकडे पुन्हा वर्ज्यच. मला वाटतं, त्याग करायला आधी घरच्या कणगीत जोंधळा असावा लागतो. आपल्या चरित्रग्रंथांत व्रताची नोंद सापडते, कणगीची नाही.

लग्नाच्या पंगतीतली पळसाची पत्रावळ मात्र आपण बिनदिक्कत मांडली. ती पानं कुणी, कुठल्या रानातून, कुणाची नजर चुकवून आणली, हे विचारायचा रिवाज नव्हता. ती गोळा करण्याचा हक्क कायद्यानं मान्य व्हायला 2006 साल उजाडलं, आणि तोही वननिवासींपुरता. बांधावरच्या उंबराखाली पडलेली फळं मजूरबाया आजही शेळ्यांसाठी पाटीत भरून नेतात.