भिंतीआडचा कारभार : तुरुंगाचे प्रशासन कसे चालते?

मध्यवर्ती कारागृहाच्या मुख्य प्रवेशद्वाराला एक नव्हे, दोन फाटके असतात आणि ती दोन्ही एकाच वेळी कधीही उघडी ठेवायची नाहीत, हा तुरुंग-प्रशासनाचा पहिला धडा होय. बाहेरच्या फाटकातील दिंडी दरवाजा उघडतो, मनुष्य वाकून आत येतो, मागे कुलूप लागते. मग झडती, मग नोंदवहीत नाव, आणि त्यानंतरच आतले फाटक उघडते. अधीक्षक असो, वकील असो, भाजीची गाडी असो की न्यायालयातून परतलेला कैदी असो, प्रत्येकाची ये-जा वेळेसह लिहिली जाते. बाहेरून पाहणाऱ्यास तुरुंग म्हणजे उंच भिंत वाटते. आत काम करणाऱ्यास तो प्रामुख्याने नोंदवह्यांचा कारखाना वाटतो. कागदावर ज्याची नोंद चुकली त्याचे आयुष्य चुकले, असे येथे अक्षरशः घडू शकते.

'तुरुंग' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेतील 'त्रोंको' म्हणजे अपराध्याचे पाय अडकविण्याचा खोडा. सरकारी मराठीत आता 'कारागृह' म्हणतात, कैद्याला 'बंदी' म्हणतात आणि महाराष्ट्रात खात्याच्या नावालाच 'सुधारसेवा' हा शब्द जोडलेला आहे. शब्द बदलले तितक्या वेगाने कायदा मात्र बदलला नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत चौथ्या क्रमांकावर तुरुंगांचा विषय आहे. म्हणजे तुरुंग चालविणे ही राज्यांची जबाबदारी. परंतु ज्या पायावर राज्यांनी आपापले नियम रचले तो कारागृह अधिनियम १८९४ सालचा. त्यामागची दृष्टी आणखी जुनी आहे. मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीने १८३८ मध्ये जो अहवाल दिला, त्यात कैद्यांना शिक्षण देणे वगैरे सुधारणेचे उपाय नाकारून कंटाळवाण्या कठोर श्रमांवर भर दिला होता. कैद्याला सुधारणे हे तुरुंगाचे उद्दिष्ट असले पाहिजे, हे अधिकृतपणे मान्य व्हायला १९१९-२० ची तुरुंग समिती उजाडावी लागली. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्ये सविस्तर अहवाल दिला. आदर्श कारागृह नियमपुस्तिका २०१६ मध्ये नव्याने आली आणि २०२३ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने आदर्श कारागृह व सुधारसेवा कायदा तयार करून राज्यांकडे पाठविला. त्या धर्तीवरचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळापुढे २०२४ मध्ये आले. समित्यांची ही यादी लांबविता येईल. त्यांच्या शिफारशी मात्र बहुतेक एकसारख्याच आहेत, यातच सारे आले.

महाराष्ट्रात हे खाते गृह विभागाच्या अखत्यारीत असून त्याचे मुख्यालय पुण्यात आहे. खात्याच्या शिरोभागी भारतीय पोलीस सेवेतील अपर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी असतो. त्याच्या खाली विभागीय उपमहानिरीक्षक आणि प्रत्येक मोठ्या कारागृहास एक अधीक्षक. अधीक्षकाच्या हाताखाली उपअधीक्षक, तुरुंगाधिकारी, सुभेदार, हवालदार आणि सर्वांत खाली शिपाई. अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण येरवडा येथील दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालयात होते. शिस्त, श्रम, खर्च, शिक्षा आणि नियंत्रण या सर्व बाबी १८९४ च्या कायद्याने अधीक्षकाकडे सोपविल्या. तुरुंगाधिकाऱ्याने तुरुंगातच राहावे आणि परवानगीवाचून एकही रात्र बाहेर काढू नये, असेही त्या कायद्यात म्हटले होते. कैद्याइतकाच जेलरही बांधलेला, हे त्या काळच्या कायदेकर्त्यांनी गृहीतच धरले होते.

येरवडा, मुंबई (आर्थर रोड), ठाणे, तळोजा, नाशिक रोड, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर येथील हर्सूल आणि कोल्हापूरचे कळंबा ही राज्यातील प्रमुख मध्यवर्ती कारागृहे. त्यांखालोखाल जिल्हा कारागृहे येतात. तालुक्याच्या ठिकाणच्या दुय्यम कारागृहांची परंपरा निराळी आहे. तेथे तहसीलदार हाच पदसिद्ध अधीक्षक आणि पहारा पोलिसांचा. जमीन महसुलाचे खटले, पाणीटंचाईची बैठक आणि कोठडीतील बंद्यांची शिधा एकाच मेजावर, अशी ही व्यवस्था. पोलीस ठाण्यातील कोठडी मात्र कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तुरुंगच नव्हे. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी यांतील फरक नेमका येथे आहे. पहिलीत आरोपी तपास करणाऱ्यांच्या ताब्यात असतो, दुसरीत तपासाशी संबंध नसलेल्या खात्याच्या.

आत आल्यावर वर्गवारी. स्त्री-पुरुष वेगळे, तरुण वेगळे, दिवाणी कैदी वेगळे आणि ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही ते शिक्षा झालेल्यांपासून वेगळे, हे १८९४ च्या कायद्याचे कलम सत्तावीस. बराकीच्या बोलीत 'कच्चे कैदी' आणि 'पक्के कैदी'. पक्क्याला शिक्षेची मुदत ठाऊक असते, त्याला काम मिळते, माफीचे दिवस मोजता येतात. कच्च्याला फक्त 'तारीख' असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे पाच लाख ७३ हजार बंदी होते आणि अधिकृत क्षमता सुमारे चार लाख ३६ हजारांची. या बंद्यांपैकी चारांतले तीन कच्चे. म्हणजे शिक्षा भोगण्यासाठी बांधलेल्या इमारतींत बहुसंख्य लोक शिक्षा न झालेले आहेत. आर्थर रोडची अधिकृत क्षमता वर्षानुवर्षे ८०४ अशी नोंदली गेली आणि तेथे तीन हजारांहून अधिक माणसे अनेकदा राहिली. अशा बराकीत झोपण्याची जागा हीच चलन होते. कोण पंख्याखाली, कोण शौचालयाच्या दाराशी, यावरून सत्तेची उतरंड ठरते आणि नियमपुस्तिकेतली वर्गवारी कागदावर राहते.

येथे तुरुंग-व्यवस्थापनातील मूळ पेच ध्यानात घ्यावा लागतो. इस्पितळ खाटा भरल्या की रुग्णास दुसरीकडे पाठवू शकते, शाळा प्रवेश बंद करू शकते. अधीक्षकास न्यायालयाच्या वॉरंटासह आलेल्या बंद्याला नकार देता येत नाही आणि सोडताही येत नाही. आत येणारा ओघ पोलिसांच्या हाती, बाहेर जाणारा न्यायालयांच्या हाती. तारखेला न्यायालयात न्यायचे तर सोबतचे पथकही पोलीस दलाचे. बंदोबस्ताच्या दिवसांत ते मिळाले नाही की तारीख चुकते आणि मुक्काम वाढतो. दूरदृश्य प्रणालीने हा खोळंबा पुष्कळ कमी केला हे खरे. पण ज्याने आपल्या वकिलाला आणि नातलगाला फक्त न्यायालयाच्या व्हरांड्यातच भेटावे, त्याची ती भेटही तिने हिरावली, हेही नोंदविले पाहिजे.

दिवसाची आखणी मोजणीभोवती फिरते. पहाटे टाळे उघडताना मोजणी, दुपारी मोजणी, सूर्यास्तापूर्वी 'बंदी' करताना मोजणी. बंदी जोडीजोडीने बसतात, शिपाई बोट दाखवीत मोजत जातो आणि आकडा फाटकावरच्या फळ्याशी जुळला तरच कारभार पुढे सरकतो. आदर्श नियमपुस्तिकेप्रमाणे सहा बंद्यांमागे एक रक्षक असावा. प्रत्यक्षात रिक्त पदे, रजा, पाळ्या आणि इस्पितळातील पहारे वजा जाता शेकडो माणसांच्या आवारात मोजके शिपाई उरतात. मग कामे कोण करणार? उत्तर जुनेच आहे : बंदीच. इंग्रजी अमदानीपासून चांगल्या वर्तणुकीच्या शिक्षाधीन बंद्यांना पहारेकरी, वॉर्डर, मुकादम म्हणून नेमण्याची पद्धत चालत आली. प्रशासनाला ती स्वस्त पडते. पण एका कैद्याला दुसऱ्यावर अधिकार देणारी ही पद्धत दुधारी आहे. भायखळ्याच्या महिला कारागृहात २०१७ च्या जूनमध्ये जे घडले ते विसरता येण्याजोगे नाही. वॉर्डर म्हणून शिधावाटप सांभाळणाऱ्या एका शिक्षाधीन महिलेने अंडी आणि पाव कमी आल्याची तक्रार केली, त्यावरून तिला मारहाण झाली आणि तीत तिचा मृत्यू झाला, असा आरोप होता. सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. दोन-चार अंड्यांचा हिशेब एवढा महाग पडावा, याचे कारण शोधायचे तर एखाद्या व्यक्तीच्या क्रौर्यापाशी थांबून भागत नाही. तक्रार जिच्याविरुद्ध त्याच यंत्रणेकडे ती करावी लागते, हा रचनेतला दोष आहे. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि अशासकीय सदस्य यांच्या अभ्यागत मंडळाची तरतूद त्यासाठीच केलेली. ते मंडळ कागदावर असते तितके फाटकात दिसत नाही.

कामाच्या वाटपात आणखी एक जुनी घाण दडलेली होती. कोणी स्वयंपाक करायचा आणि कोणी झाडू मारायचा, हे अनेक राज्यांच्या नियमपुस्तिका जातीवरून ठरवीत. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उजेडात आणले, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने तुरुंगातील जातनिहाय श्रमविभागणी घटनाबाह्य ठरविली. बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकानाही काढून टाकण्यास सांगितले.

सक्तमजुरी म्हणजे आता दगड फोडणे नव्हे. नाशिक रोडला लाकूडकाम होते आणि गणेशमूर्तीही घडतात. येरवड्यात कापड, कागद, छपाई, सुतारकाम असे कारखाने चालत आले आहेत. पेटीत मिटणारा सुटसुटीत चरखा 'येरवडा चक्र' म्हणून ओळखला जातो, तो गांधीजींच्या याच तुरुंगातील वास्तव्यामुळे. (१९३२ चा पुणे करारही याच आवारात झाला.) बंद्याला श्रमाचा रास्त मोबदला मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले आणि त्यातील काही भाग गुन्ह्याने पीडित झालेल्यांसाठी बाजूला काढण्याची कल्पनाही मांडली. मोबदल्याचा दर मात्र बाहेरच्या मजुरीच्या जवळपासही फिरकत नाही.

रजांविषयी लोकांत बराच गोंधळ असतो. महाराष्ट्रात दोन प्रकार आहेत. संचित रजा, म्हणजे फर्लो, ही दीर्घ शिक्षा भोगणाऱ्यास ठराविक काळाने, विशेष कारण न दाखविता मिळू शकणारी सुट्टी. ती शिक्षेत धरली जाते. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, ही आजारपण, मृत्यू, विवाह अशा निकडीपोटी असते. दोन्हींसाठी पोलिसांचा अहवाल लागतो आणि तो वेळेवर न आल्याने रजा लांबते, ही बंद्यांची नेहमीची तक्रार. यांपैकी कोणतीही रजा निरपवाद हक्क नाही, हेही न्यायालयांनी स्पष्ट केले आहे.

महिला बंद्यांबरोबर सहा वर्षांपर्यंतची मुले राहू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्यांच्यासाठी पाळणाघर, आहार आणि लसीकरण यांचे निर्देश दिले. गुन्हा नसलेली ही सर्वांत धाकटी रहिवासी मंडळी मोजणीत येतात, पण 'बंदी' या सदरात नाही.

या साऱ्या चित्राला एक अपवाद आहे आणि त्याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. औंध संस्थानाने आटपाडीजवळ १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसविली. भिंत नाही, शेती आहे, कुटुंबही जवळ राहू शकते. ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. पुढे राज्यात पैठण, मोर्शी, येरवडा येथे खुली कारागृहे झाली. तेथे रक्षक कमी लागतात, खर्च कमी येतो. तरीही दीर्घ शिक्षा भोगून विश्वास संपादन केलेल्या थोड्यांनाच ती लाभतात आणि कच्च्या कैद्यांच्या वाट्याला सहसा येत नाहीत.

राहता राहिली सुटका. आर्थर रोडच्या बाहेर जामीन आदेशांसाठी एक पेटी आहे. ठरल्या वेळी ती उघडायची, आदेश काढायचे, नोंदवहीशी ताडायचे, असा रिवाज. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या मुलाचा आदेश सायंकाळी साडेपाचपर्यंत पेटीत पडला नाही आणि त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली. त्या एका रात्रीची बातमी झाली. अशा रात्री हजारोंच्या वाट्याला येतच होत्या. आदेश संगणकीय मार्गाने थेट कारागृहाकडे धाडणारी 'फास्टर' ही प्रणाली सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये सुरू केली.

ज्यांना जामीन मंजूर झाला पण जामीनदार मिळत नाही, त्यांची अडचण मात्र संगणकाने सुटणारी नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधीक्षकांवर जबाबदारी टाकली : जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवायचे. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. तीत सुरुवातीस कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षाधीनाच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम मिळू शकत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने प्रथमच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याला, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर जामिनाची वाट मोकळी केली आणि त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे काम अधीक्षकावरच सोपविले. म्हणजे आता कोणाची तृतीयांश मुदत कोणत्या दिवशी भरते, हे तुरुंगाच्या कचेरीतील लिपिकाला रोज पाहावे लागते. एकापेक्षा अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना ही सवलत नाही. तेव्हा प्रत्येक नावापुढे बाकीचे खटलेही त्यालाच शोधून लिहावे लागतात.