बॉण्ड, अंगठा, ओटीपी : दीडशे वर्षांची एकच फसवणूक

२०२४ च्या खरिपातली गोष्ट. आमचे चुलते, तात्या, वय ७१, पीक विमा भरायला गावातल्या सेंटरवर गेले. सातबारा, आधार, पासबुक, सगळं पिशवीत. सेंटरवाल्या पोरानं गट नंबर टाकला आणि म्हणाला, "तात्या, तुमच्या या गटावर विमा उतरवलेलाय आधीच." कुणी उतरवला? दुसऱ्याच तालुक्यातला कुणीतरी माणूस. सोबत जमीन भाड्यानं घेतल्याचा करारनामा. तात्यांनी त्या माणसाचं नावसुद्धा कधी ऐकलेलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाले, "आरं, मी रान कुणाला देलंच नाही, मग करार कुणी केला? माझी सही कुणी केली?"

आम्ही अर्ज दिला, पोच घेतली. ती पोच आजही फाईलला आहे. त्या हंगामाचा विमा मात्र तात्यांना मिळाला नाही. पण तात्यांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. माझी सही कुणी केली? पत्रकारितेत वीसेक वर्षं झाली, फसवणुकीच्या बातम्या शेकड्यानं केल्या. मागं वळून वाचायला लागलो तेव्हा कळलं की हा प्रश्न आपल्या भागात दीडशे वर्षं विचारला जातोय.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे. बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितले ते कर्जरोखे, म्हणजे बॉण्ड. मिळाले तिथं जाळले. पुढं हे लोण नगर जिल्ह्यातही पसरलं. शाळेच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. पण कागदच का जाळले, हे नीट समजून घ्यायला पाहिजे.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार बॉण्डची मुदत तीन वर्षं. कायदा कुळाच्या बाजूनं केलेला. पण सावकार दर तीन वर्षांनी नवा बॉण्ड करून घ्यायचा. मागचं व्याज मुद्दलात घालायचं, वर पुन्हा व्याज. लिहिता-वाचता न येणारा कुणबी खाली निशाणी करायचा. वर काय लिहिलंय ते त्याला सांगणारा माणूस कोण? तर लिहिणाराच. फेडलेल्या पैशाची पावती नाही, हिशोबाची नक्कल नाही.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जमुक्ती कायदा आला. त्यातल्या तरतुदी आज वाचल्या तर आश्चर्य वाटतं. कर्जाचा कागद गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोरच व्हावा, फेडीची पावती मिळावी, हिशोबाचा उतारा मिळावा, पासबुक मिळावं. रोग नेमका ओळखला होता. पण हा कायदा इंग्रजांच्या मुलखातला. नगरची हद्द ओलांडून आष्टीकडं आलं की निजामाचं राज्य. तिथं हा कायदा लागू नाही, आणि कचेरीतला कागद पुढं उर्दूत. म्हणजे आपल्या माणसाला तो दुसऱ्याकडूनच वाचून घ्यायचा. कायद्याची हद्द संपते तिथं फसवणाऱ्याची सुरू होते, हे लक्षात ठेवा. पुढं पुन्हा येणार आहे.

याच काळातली दुसरी गोष्ट बंगालमधली. १८५८ साली विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून करारावर सहीबरोबर हाताचा ठसा घेतला. उद्या हा माणूस 'सही माझी नाही' म्हणाला तर? पुढं १८७७ च्या सुमारास हुगळी जिल्ह्यात त्यानं पेन्शनरांचे आणि दस्त नोंदवणाऱ्यांचे बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण मेलेल्या माणसाच्या नावावर भलतेच लोक पेन्शन उचलत होते. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा सरकारी विभागच उघडला. त्या पद्धतीचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता.

म्हणजे बोटांचे ठसे चोर पकडायच्या आधी आपल्या देशात वापरात आले ते 'दुसऱ्याच्या नावावर पैसे उचलणं' थांबवायला. आज आपण ज्याला आयडेंटिटी थेफ्ट म्हणतो तेच हे.

आणि आता त्याच ठशाचं काय झालं बघा. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. अंगठा लावा, पैसे घ्या अशी सोय गावोगाव आली. मग काही राज्यांत नोंदणी खात्याच्या संकेतस्थळांवर असलेल्या खरेदीखतांवरून अंगठ्याचे ठसे उचलून, सिलिकॉनचे अंगठे बनवून, लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे उघड झाले. ओटीपी नाही, फोन नाही. दस्तावर अंगठा घेतला होता फसवणूक टाळायला, चोरी झाली ती त्याच दस्तावरून.

आता आपल्या दाराशी येऊ.

खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीक विमा आला. हेतू चांगला होता. पण शेतकऱ्यानं भरायचा एक रुपया, आणि सेंटरवाल्याला प्रत्येक अर्जामागं विमा कंपनीकडून ४० रुपये. अर्ज खरा की खोटा, ४० रुपये तेच. वर भरपाई आली तर ती वेगळीच. सरकारी जमीन, गायरान, देवस्थानची जमीन, नसलेल्या फळबागा, दुसऱ्याचे सातबारे, सगळ्यावर विमे उतरले. खरीप २०२४ च्या तपासणीत राज्यभरात ४ लाखांहून जास्त अर्ज बोगस निघाले. त्यातले एक लाखाहून जास्त एकट्या बीड जिल्ह्यातले. राज्यात पहिला नंबर आपला.

हा तोच जिल्हा आहे ज्याच्या नावानं 'बीड पॅटर्न' देशभर गाजला होता. २०२० च्या खरिपात एकही विमा कंपनी आपल्याकडं यायला तयार नव्हती. तेव्हा नफा-तोट्याला मर्यादा घालणारं ८०-११० चं सूत्र इथंच पहिल्यांदा राबवलं गेलं. चार वर्षांत त्याच नावाचा अर्थ बदलला.

किंमत कुणी मोजली? २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के भरा. स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान हे निकष काढले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिंदफणा, गोदावरी रानात घुसली. माती वाहून गेली. तेव्हा ज्या निकषांची गरज होती तेच नव्हते. बोगस अर्ज भरणाऱ्याचं काय गेलं? तात्यांसारख्यांचं गेलं.

दुसरं प्रकरण परळीला लागून असलेल्या गंगाखेडचं. तिथल्या साखर कारखान्यानं हजारो शेतकऱ्यांच्या नावावर, त्यांना न विचारता, बँकांकडून कर्ज उचलल्याचा आरोप झाला. २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला. आकडा ३२८ कोटींचा सांगितला गेला. डिसेंबर २०२० मध्ये ईडीनं २५५ कोटींची मालमत्ता जप्त केली. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. पण बँकेची नोटीस हातात पडल्यावर 'हे कर्ज तुमचंच' हे ज्यांना पहिल्यांदा कळलं, त्या शेतकऱ्यांचा प्रश्न तात्यांचाच होता. ऊस घालायचा म्हणून दिलेली कागदपत्रं, त्यावरच्या सह्या. बाकी सगळं मधल्या माणसांनी केलं.

तिसरं प्रकरण तर बीड शहराच्या छातीवरचं. ज्ञानराधा मल्टीस्टेट. ठेवीवर १२ ते १४ टक्के व्याज. ऑक्टोबर २०२३ मध्ये कुटे ग्रुपवर आयकराचे छापे पडले, लोक पैसे काढायला धावले आणि शाखांची शटर खाली आली. जून २०२४ मध्ये सुरेश कुटे यांना अटक झाली. ठेवीदार लाखांच्या घरात. ठेवीदारांचे २,००० कोटींहून जास्त रुपये कर्जाच्या नावाखाली समूहाकडं वळवल्याचा ईडीचा आरोप आहे. इथं कुणाची सही चोरली नव्हती. सही आपणच केली होती, ओळखीच्या माणसाच्या भरवशावर. एजंट गल्लीतला, कधी नात्यातला, कधी गुरुजींचा माजी विद्यार्थी.

आणि आता ते हद्दीचं आठवा. मल्टीस्टेटचा निबंधक दिल्लीत. जिल्ह्याच्या उपनिबंधकाकडं गेलं तर तो हात वर करतो. रिझर्व्ह बँकेची देखरेख पतसंस्थेवर नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. १८७९ चा कायदा आष्टीच्या अलीकडं थांबला होता. आजचा बीडमध्ये असून हाताला लागत नाही.

एक समज मात्र काढून टाका, की फसतात ती म्हातारी माणसंच. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन दरवर्षी अशा तक्रारींचा हिशोब मांडतं. २०२३ च्या तक्रारींत विशीतल्या ४४ टक्के लोकांनी पैसे गेल्याचं सांगितलं, सत्तरीतल्या २५ टक्के लोकांनी. पण म्हाताऱ्यांची एका फटक्यातली रक्कम मोठी. आपल्याकडंही चित्र फार वेगळं नाही. पोरं जातात लोन ॲपमध्ये, घरबसल्या कामाच्या टास्कमध्ये, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चार पैशांसाठी स्वतःचं बँक खातं भाड्यानं देण्यात. पुढं पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. म्हातारी माणसं जातात ठेवीत आणि 'डिजिटल अरेस्ट'च्या फोनमध्ये. अशी अटक कायद्यात कुठंच नाही, तरी वर्दीतला माणूस स्क्रीनवर दिसला की निवृत्त माणूस आयुष्याची कमाई पाठवून देतो. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हाच आकडा ७,४६५ कोटी होता.

मोडस ऑपरेंडी बदलत गेली. आधी बॉण्ड, मग अंगठा, मग सही, आता ओटीपी. दर वेळी सरकारनं नवी निशाणी आणली. आता शेतकरी ओळख क्रमांक आलाय. पण ती निशाणी आपल्या वतीनं वापरून देणारा माणूस तिथंच बसलेला आहे. आधी तो ओट्यावर बसायचा, आता कॉम्प्युटरसमोर. सगळे सेंटरवाले चोर नाहीत, हे मी ठामपणे सांगतो. तात्यांना खरं सांगितलं तेही एका सेंटरवाल्या पोरानंच. पण १८७९ च्या कायद्यानं जे मागितलं होतं ते आजही मागायला आपण लाजतो. पावती. हिशोबाची नक्कल. काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवणं.

तेवढं मागायला सुरुवात करू. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा. बायोमेट्रिक लॉक करता येतं, घरातल्या पोराकडून करून घ्या. पैसे गेले तर लाजून दोन दिवस घालवू नका, त्याच तासाला १९३० ला फोन करा. खातं दुसऱ्याला वापरायला देऊ नका, तो मित्र असला तरी.

आणि फसलेल्या माणसाला 'तुला अक्कल नव्हती का' असं विचारू नका. ज्ञानराधात पैसे अडकलेली कितीतरी माणसं अजून घरच्यांनाही खरा आकडा सांगत नाहीत. ती गप्प बसतात, म्हणून पुढची संस्था शेजारच्या गल्लीत उघडते.

तात्या यंदाही सेंटरवर गेले होते. चष्मा घेऊन गेले. पोराला म्हणाले, "हं, वाच आता. सावकाश वाच. मी ऐकतोय."