छोट्या मोटारीसाठी टर्बोचार्जरची निवड

टर्बोचार्जर हे एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या ऊर्जेवर चालणारे हवा दाबण्याचे यंत्र होय. एकाच दांड्याच्या एका टोकास टर्बाइन व दुसऱ्या टोकास कंप्रेसर असतो. निकास वायू टर्बाइन फिरवतात, कंप्रेसर बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत पाठवतो आणि वाढलेल्या हवेच्या प्रमाणात अधिक इंधन जाळता येते. या क्रियेस अतिभरण म्हणतात. छोट्या क्रीडा मोटारीसाठी टर्बोचार्जर निवडताना यंत्राचा आकार, एंजिनाची हवेची गरज, इंधनाचा दर्जा व परिसराचे तापमान यांचा मेळ घालावा लागतो. टर्बोचार्जर जितका मोठा तितकी गाडी वेगवान, हा समज व्यापक असला तरी चुकीचा आहे.

पार्श्वभूमी

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे एकस्व १९०५ मध्ये घेतले. प्रवासी मोटारींत ती १९६२ मध्ये अमेरिकेत शेवरले कॉर्व्हेअर व ओल्ड्समोबिल जेटफायर यांच्याद्वारे आली. जेटफायरच्या एंजिनात ठोके पडू नयेत म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई आणि त्याची वेगळी टाकी मालकाने आठवणीने भरावी, अशी अपेक्षा होती. युरोपात बीएमडब्ल्यू २००२ टर्बो (१९७३) व पोर्शे ९११ टर्बो (१९७४) या गाड्यांनी टर्बो लोकप्रिय केला. त्याबरोबर ॲक्सिलरेटर दाबल्यापासून जोर येईपर्यंतचा विलंबही प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार झालेली फियाट लिनिया टी-जेट (२०१०) व अबार्थ पुंटो (२०१५), तसेच चाकण येथील फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (२०१३) ही छोट्या टर्बो पेट्रोल मोटारींची ठळक उदाहरणे होत. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी अवंती या क्रीडा मोटारीत रेनो कंपनीचे दोन लिटरचे टर्बो एंजिन होते. याउलट गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी उघड्या मोटारीचे रेनोचेच छोटे एंजिन टर्बोविरहित, सुमारे ६० अश्वशक्तीचे होते.

लिनिया टी-जेट व अबार्थ पुंटो यांची तुलना उद्बोधक आहे. दोन्हींत १,३६८ घन सेंटिमीटरचे एंजिन असून टॉर्क अनुक्रमे २०७ व २१२ न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ सारखा होता. शक्ती मात्र ११४ व १४५ अश्वशक्ती, अशी बरीच वेगळी होती. शक्ती ही टॉर्क व फेरे यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. अबार्थमध्ये तोच जोर अधिक फेऱ्यांपर्यंत टिकवला होता. म्हणून निवडीपूर्वी जोर कोणत्या फेऱ्यांत हवा, हे ठरवणे आवश्यक ठरते. शहर व घाटरस्ता यांसाठी १,५०० ते ४,००० फेऱ्यांचा पट्टा महत्त्वाचा, तर शर्यतीच्या धावपट्टीवर त्यावरचा.

हवेचा हिशोब

उदाहरणादाखल १,२०० घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरी पेट्रोल एंजिन घेऊ. चार धावांच्या एंजिनात दोन फेऱ्यांत एकदा हवा भरली जाते. त्यामुळे मिनिटाला ५,५०० फेऱ्यांना सैद्धांतिक गरज ३,३०० लिटर व भरण ८५ टक्के धरल्यास सुमारे २,८०० लिटर, म्हणजे ३.३ किलोग्रॅम हवा इतकी होते. तेवढ्या हवेवर सुमारे ७० अश्वशक्ती मिळते. १०५ अश्वशक्ती हवी असल्यास सुमारे ४.९ किलोग्रॅम हवा लागेल. म्हणजे हवेची घनता दीडपट व्हावी लागेल. इंटरकूलरनंतरची हवा ५० अंश सेल्सियस धरल्यास अंतर्ग्रहण नळीत सुमारे १.६५ बार निरपेक्ष दाब लागतो. नळ्यांतील घट धरून कंप्रेसरने १.७ बार दाब द्यावा लागतो.

येथे समुद्रसपाटीपासूनची उंची महत्त्वाची ठरते. मुंबईस गाळणीनंतरचा हवेचा दाब ०.९९ बार धरल्यास कंप्रेसरचे दाबगुणोत्तर १.७२ येते. पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीवरील पठारी भागात तोच दाब ०.९३ बार धरावा लागतो व गुणोत्तर १.८३ होते. हवेचे वजन व दाबगुणोत्तर हे दोन आकडे हाती आले की निर्मात्याने दिलेल्या कंप्रेसर आलेखावर तो बिंदू शोधतात. बिंदू उच्च कार्यक्षमतेच्या वर्तुळात पडावा. तो डावीकडे हवेच्या उसळीच्या सीमेजवळ गेल्यास यंत्र मोठे आहे आणि उजव्या काठास गेल्यास लहान आहे, असे समजावे. ३,००० फेऱ्यांचा बिंदूही अवश्य मांडावा. केवळ सर्वोच्च शक्तीचा बिंदू पाहून घेतलेला टर्बो रस्त्यावर बहुतेक वेळ निष्क्रिय राहतो.

टर्बाइनचे कवच लहान असल्यास ती लवकर गती घेते, पण अधिक फेऱ्यांना निकासात अडथळा आणते. मोठ्या कवचाचा परिणाम उलट असतो. वेस्टगेट ही झडप जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडते. त्यामुळे लहान कवच वापरूनही दाब आटोक्यात ठेवता येतो. दुहेरी मार्गाच्या कवचाचा लाभ चार सिलिंडरी एंजिनास होतो, कारण त्यातील निकासाचे ठोसे १८० अंशांच्या अंतराने येतात व एकमेकांत मिसळतात. तीन सिलिंडरी एंजिनात हे अंतर मुळातच २४० अंश असल्याने त्याची फारशी गरज नसते.

उष्णता व इंधन

दाबलेली हवा तापते. वरील उदाहरणात ७० टक्के कार्यक्षमतेचा कंप्रेसर २५ अंशांची हवा सुमारे १०५ अंशांवर नेतो व चांगला इंटरकूलर ती ४९ अंशांपर्यंत उतरवतो. परंडा-बार्शी भागातील ४० अंशांच्या मे महिन्यात हेच आकडे १२४ व ६५ होतात. तप्त हवेमुळे इंधन ठिणगीनंतर अनियंत्रित पेट घेते व ठोके पडतात. दट्ट्या फुटण्याचे किंवा त्यास भोक पडण्याचे ते प्रमुख कारण होय. म्हणून योजना हिवाळ्यातील चाचणीवर न बेतता उन्हाळ्यातील तापमानावर बेतावी. टर्बोविरहित एंजिनाचे संपीडन गुणोत्तर बहुधा १० ते ११ असते. त्यावर टर्बो बसवताना दाब मर्यादित ठेवावा लागतो, नाहीतर दट्टे बदलून गुणोत्तर ९ च्या आसपास आणावे लागते.

साखर कारखान्यांच्या इथेनॉलमुळे आता प्रचलित झालेल्या २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची ठोकारोधक क्षमता अधिक आहे, ही टर्बोसाठी अनुकूल गोष्ट होय. तथापि तेवढ्याच हवेस सुमारे ८ टक्के अधिक इंधन लागते. उदाहरणातील एंजिनासाठी प्रत्येक इंजेक्टरची क्षमता शुद्ध पेट्रोलवर मिनिटाला सुमारे १७० घन सेंटिमीटर, तर या मिश्रणावर सुमारे १९० असावी. पंप व एंजिन नियंत्रकाची नोंदसारणी त्यानुसार बदलावी लागते.

टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो व तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल परत नेणारी नळी रुंद व सतत उताराची असावी. वेगात चालवल्यानंतर गाडी लगेच बंद केल्यास अडकलेले तेल जळून कोळसा होतो. क्लच, गिअरपेटी व ब्रेक यांची क्षमता आधी तपासावी. अनेक हौशी योजनांत ब्रेकचा खर्च शेवटी आठवतो.

कायदेशीर मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ अन्वये मालकास प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारण्याचीही शक्यता असते. त्यामुळे बाहेरून टर्बो बसवलेली मोटार व्यवहारतः बंद धावपट्टीपुरतीच योग्य ठरते; रस्त्यासाठी कारखान्यातूनच टर्बोसह आलेली गाडी घेणे श्रेयस्कर. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांत टर्बो पेट्रोल एंजिनाचे आकारमान १.७ ने गुणून वर्ग ठरवला जात असल्याने १,२०० घन सेंटिमीटरची गाडी २,०४० घन सेंटिमीटरची गणली जाते व तिला दोन लिटरहून मोठ्या गाड्यांशी स्पर्धा करावी लागते.