साडेबारा सेंटांचं देणं

लहानपणी आमच्या कोपऱ्यावरचा वाणी सुटा रुपया नसला की हातावर दोन चॉकलेटं ठेवायचा. तीच चॉकलेटं दुसऱ्या दिवशी परत दिली, तर मात्र घ्यायचा नाही! अमेरिकेतल्या खाणगावांचे दुकानदार शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याबाबतीत जास्त सरळ होते. ते आपल्या नावाचं टोकन पाडून घ्यायचे आणि परतही घ्यायचे.

ऑनसाईटला फीनिक्सला आल्यापासून मला या टोकनांचा नाद लागलाय. शनिवारी गाडी काढायची आणि दोनेक तासांवरच्या जेरोमला जायचं. डोंगरउतारावर चिकटलेलं हे तांब्याच्या खाणीचं गाव. 1920च्या दशकात इथे हजारो माणसं होती. 1953 मध्ये खाण बंद पडली आणि शे-पन्नास डोकी उरली. आता सगळा टुरिस्टांवर कारभार.

टोकनवर मजकूर जेमतेम. दुकानाचं नाव, गाव आणि 'गुड फॉर 12½ सेंट्स इन ट्रेड'. म्हणजे तेवढ्याचा माल मिळेल, रोख नाही. पण साडेबाराच का? तर जुन्या स्पॅनिश डॉलरचे आठ भाग धरून 'बिट'मध्ये भाव सांगायची तिकडे सवय होती. एक ड्रिंक किंवा एक सिगार, एक बिट. आणि सरकारी टांकसाळीने साडेबारा सेंटांचं नाणं कधी पाडलंच नाही! मग गिऱ्हाईकाने पाव डॉलर टाकला की सलूनवाला (सलून म्हणजे गुत्ता, केस कापायचं नव्हे) एक ड्रिंक आणि एक टोकन द्यायचा. हिशेबही मिटला आणि गिऱ्हाईक परत येणार हेही पक्कं.

टोकनवर साल बहुधा नसतं, पण लॉग फाईल वाचावी तसं ते शोधता येतं. अॅल्युमिनियमचं असेल तर साधारण 1890 नंतरचं, कारण 1886 मध्ये नवी पद्धत सापडेपर्यंत तो धातू फार महाग होता. गावापुढे 'ए. टी.', म्हणजे अॅरिझोना टेरिटरी, असेल तर सहसा 1912च्या आधीचं. त्या वर्षी 14 फेब्रुवारीला अॅरिझोना राज्य झालं. 1 जानेवारी 1915 पासून तिथे दारूबंदी आली आणि गुत्त्यांची टोकनं एका रात्रीत निकामी झाली.

आता गंमत बघा. परत आलेलं टोकन गल्ल्यात जायचं, आणि दुकान मिटलं की बरेचदा भंगारात. आपल्यापर्यंत पोचतं ते बहुतेक परत न गेलेलं. कुणीतरी न प्यायलेलं ड्रिंक. फिटलेली देणी गेली, न फिटलेली उरली, आणि त्यांच्यासाठी लोक आज शेकडो डॉलर मोजतात.

माझं पहिलं टोकन पितळी होतं, दहा डॉलरचं. त्यावर गावाचं नाव नाही. अशा टोकनाला संग्राहक 'मॅव्हरिक' म्हणतात. घरी आणल्यावर मी काय केलं असेल? आई देवाची भांडी घासते तसं लिंबू-मीठ लावून लखलखीत केलं! पुढे एका जाणकार आजोबांना मोठ्या कौतुकाने दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "धुतलंस?"

टुरिस्टांसाठी पाडलेली नकली टोकनं बाजारात पुष्कळ आहेत. अस्सल ओळखायची एक खूण म्हणजे धातूवर वर्षानुवर्षं चढलेला काळपटपणा. तोच पुरावा मी सिंकमध्ये घालवला होता.

आता त्या दुकानाचं नाव मी जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत शोधतोय, गावामागून गाव. अजून सापडलेलं नाही. टोकन ड्रॉवरमध्ये चकाकतंय. कुणाचं तरी साडेबारा सेंटांचं देणं, आणि माझंही थोडं त्यात.