जामिया मिल्लिया कशी उभी राहिली



आकुर्डीच्या रस्त्याने कामावर जाता-येता ‘बजाज’ हे नाव आपण सर्वांनीच वाचले आहे. या उद्योगघराण्याचे मूळ पुरुष, वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज, एके काळी दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे खजिनदार होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. एका हिंदू व्यापाऱ्याने मुसलमानांच्या विद्यापीठाची तिजोरी का सांभाळावी? याचे उत्तर जामियाच्या जन्मकथेत आहे.

सन १९२०. खिलाफत व असहकाराची चळवळ ऐन भरात होती. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्था सोडा, असे आवाहन गांधीजी व अली बंधूंनी अलिगढच्या कॉलेजात केले. विश्वस्तांना ते मान्य नव्हते. दोन तट पडले. बाहेर पडलेल्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलिगढ येथेच नवे राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले. पायाभरणीचा मान देवबंदचे मौलाना महमूद हसन यांना मिळाला. माल्टाच्या कैदेतून सुटून आलेले हे वृद्ध आलिम तेव्हा अतिशय आजारी होते. महिनाभरातच त्यांचे निधन झाले. देवबंद आणि अलिगढ हे एरवी दूर राहणारे दोन प्रवाह त्या दिवशी एकत्र आले. हकीम अजमल खान पहिले कुलपती व मौलाना मोहम्मद अली पहिले कुलगुरू झाले. याच लाटेत १९२१ साली आपल्या पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले.

पुढे चळवळ ओसरली, देणग्या आटल्या. १९२५ मध्ये जामिया दिल्लीच्या करोल बागेत आली. ती बंद करावी, असेही काहींना वाटू लागले. नावातून ‘इस्लामिया’ शब्द काढला तर पैसे मिळतील, अशी सूचना झाली तेव्हा गांधीजींनीच तिला विरोध केला, अशी आठवण सांगितली जाते. याच पडत्या काळात जमनालालजी मदतीस आले.

पण संस्था खऱ्या अर्थाने तारली ती शिक्षकांनी. जर्मनीत शिकलेले डॉ. झाकिर हुसेन, आबिद हुसेन व मुहम्मद मुजीब १९२६ साली जामियात दाखल झाले. १९२८ मध्ये ते व त्यांचे सहकारी यांनी २० वर्षे सेवा करण्याची व दरमहा १५० रुपयांहून अधिक वेतन न घेण्याची शपथ घेतली. प्रत्यक्षात तेवढेही हाती पडत नसे. १९३५ मध्ये ओखला येथील इमारतीची कोनशिला कोणा पुढाऱ्याने नव्हे, तर शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याने बसविली. १९३७ साली वर्धा येथे मूलोद्योग शिक्षणाची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही झाकिर हुसेन यांच्याकडेच आले.

नोव्हेंबर १९४६ मध्ये रौप्यमहोत्सव झाला. कलकत्ता, नोआखाली, बिहार दंग्यांनी होरपळत होते. तरीही नेहरू, आझाद, जिना व लियाकत अली एका व्यासपीठावर बसले. ही आग विझवा, असे झाकिर हुसेन यांनी त्यांना तोंडावर विनविले. आग विझली नाही. १९४७ च्या दंगलीत जामियाचे करोल बागेतील ग्रंथभांडारही जळाले. परंतु संस्था टिकली. झाकिर हुसेन १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले आणि १९८८ मध्ये जामियाला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

वाचकहो, जामियाने आपले नाव बदलले नाही आणि आपले दार कोणाला बंद केले नाही. कारखान्याच्या पाळ्या करून आपण मुलांच्या फीचे पैसे बाजूला टाकतो. त्यात आपल्या शाळेसाठी महिन्याचे चार तास घालता येतील काय? जामिया पैशाने उभी राहिली नाही. माणसांनी दिलेल्या वर्षांनी उभी राहिली. आपण काय देणार, एवढाच प्रश्न आहे.